होडीला रंग मारायच्या आधी सील आणि घासकाम कसं करायचं

होडी बांधून झालीय, सांधे भरलेत, कडा गोल केल्यात असं धरून चालतो. प्लाय आयएस ७१० (मरीन ग्रेड) चाच असेल, ३०३ (साधा फर्निचरचा) वापरला असेल तर वरून कितीही सील करा, तो ओलाव्यात टिकत नाही. पूर्ण हल (होडीचं बाहेरचं अंग) ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि धूळ काढा. लाकडाला आधी कुठलंही तेल पाजू नका, त्यावर इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग कालवून सीलिंगला लावतात ते) धरत नाही.

आता सीलिंग. इथेच माझी पहिली १२ फुटी होडी वाया जायची वेळ आली होती म्हणून हे नीट वाचा. मुंबईत मढच्या कोळीवाड्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा किनाऱ्यावर सगळीकडे बोटींची डागडुजी चालते, ते बघून मीही जुलैतच इपॉक्सी लावलं. सुकल्यावर वर मेणचट, हाताला तुपकट लागणारा थर आला, मला वाटलं घासला की जाईल, घासला, रंग मारला आणि दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे हातात येत होते. दमट हवेत हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी लागून हा थर बनवतो आणि पॉलिश पेपरने तो निघत नाही, उलट ओरखड्यांत दाबला जातो. तो पाण्यात विरघळतो. म्हणून इपॉक्सी सुकलं की आधी गोडं पाणी आणि स्कॉचब्राइट घेऊन पूर्ण हल धुवा, पाणी सुकायच्या आत जुन्या सुती कपड्याने टिपून घ्या, परत धुवा, आणि मगच घासा. हा क्रम उलटा करू नका. थिनरने पुसा सांगणारे भरपूर भेटतील, थिनरने तो नुसता इकडचा तिकडे पसरतो.

मुंबईत हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. तेव्हाही वेळ बघायची. लाकूड तापत असताना कोट मारला तर आतली हवा फुगते आणि बारीक बारीक बुडबुडे येतात, त्यामुळे सकाळी कधीच नाही. होडी दुपारभर गरम होऊ द्या, चारच्या सुमाराला छपराखाली घ्या आणि लाकूड थंड व्हायला लागलं की पहिला कोट, म्हणजे ते इपॉक्सी आत ओढून घेतं. छप्पर हवंच, गच्चीवर उघड्यात ठेवली तर रात्रीचं दव पडून परत तोच तुपकट थर. अंगठा चिकटतो पण बोटाला काही येत नाही अशा वेळी दुसरा कोट, मग तसाच तिसरा, मध्ये घासायची गरज नाही. रात्र होते, होऊ दे. प्लायच्या कडा मात्र पीत राहतात, त्यांना पिणं थांबेपर्यंत ब्रशने देत राहा.

पहिला कोट थिनर घालून पातळ करा म्हणजे मुरेल, हा सल्ला अजिबात ऐकू नका, थिनर उडून जातो आणि मागे भोकं राहतात. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवणं तर त्याहून वाईट, प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच, काट्यावर मोजून. स्लो हार्डनर घ्या, एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवू नका आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, नाहीतर डब्यातच तापून घट्ट होतं. हातमोजे घालाच, इपॉक्सीची ॲलर्जी एकदा बसली की सुटत नाही.

खड्डे भरायला गाड्यांची लांबी (पुट्टी) वापरू नका, ती पाणी पिते. इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची हलकी पूड) घालून चक्क्याइतकं घट्ट करा आणि पट्टीने ओढा. सुकलं की वर पेन्सिलने रेघा मारा. मग ६ एमएम प्लायची अडीच-तीन फूट लांब पट्टी, तिला ८० चा पेपर चिकटवून दोन्ही हातांनी तिरकं घासा, आधी एका बाजूला, मग उलट्या. रेघ जिथे राहिली तिथे खड्डा. गोल मशीनने सपाट होईल असं समजू नका, ते खड्ड्यात उतरून खड्डाच मोठा करतं. रात्री टॉर्च हलला टेकवून आडवा उजेड टाका, दिवसा न दिसलेलं सगळं दिसेल. मास्क लावा.

भरलेली जागा सच्छिद्र असते, तिच्यावर अजून एक इपॉक्सीचा कोट, धुणं, १२० ने घासणं. प्रायमर दोन डब्यांचा इपॉक्सीवालाच घ्या, साधा ऑइल पेंट थेट इपॉक्सीवर मारला तर कधी कधी कित्येक दिवस बोटाला चिकटत राहतो.