विजापूर बघायला निघताना

पिशवीत आधी मोजे टाका. जाड, सुती, माणशी दोन जोड. पाणी, टोपी, सुटे पैसे कुणीही घेतं. चपला घालून निघणाऱ्याला मोजे मात्र सुचतच नाहीत. आदिलशाहीच्या या शहरात बघायचं ते बहुतेक कबरी आणि मशिदी, तिथं पादत्राणं बाहेर काढावी लागतात. खाली काळा दगड, उन्हं चढली की तव्यासारखा तापतो. मग माणसं सावलीतून सावलीत उड्या मारत फिरतात आणि कोरीवकाम बघायचं राहून जातं.

बेळगावहून अंतर साधारण दोनशे किलोमीटर. सकाळी निघून रात्री परत हा बेत करूच नका, आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोहोचा. निपाणी-चिकोडीकडच्यांना अथणीवरून सोयीचं. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मेमध्ये लहान पोरांना न्यायचं नाही.

गोलघुमटाला उजाडताच जा. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ची. चारी कोपऱ्यांना सात मजली मनोरे, त्यांतल्या अरुंद जिन्यानं वर चढायचं. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. घुमटाच्या आतल्या गोल सज्जात एकानं भिंतीशी कुजबुजायचं, दुसऱ्यानं थेट समोर बसून भिंतीला कान लावायचा. कागद चुरगळल्याचा आवाजसुद्धा पोहोचतो. पण शाळेच्या सहली वर आल्या की शिट्ट्या आणि आरोळ्यांखेरीज काही ऐकू येत नाही. तासभर उशीर केलात तर एवढं चढणं फुकट.

लगेच रिक्षा करून इब्राहिम रोजा गाठा, दुपारवर टाकू नका. तो तटाबाहेर पश्चिमेला आहे. कबर आणि मशीद एकाच उंच जोत्यावर समोरासमोर, मधे हौद, आणि उघडं दगडी अंगण ओलांडायचं. मोजे इथं लागतात म्हणजे लागतातच! कबरीच्या खिडक्यांपाशी थांबा. तिथल्या दगडी जाळ्या अरबी अक्षरांच्याच आहेत, उजेड अक्षरांमधल्या फटींतून आत येतो. हे बघायला पाय स्थिर हवेत.

पहिल्या अली आदिलशहानं १५६५मध्ये पुरा केलेला तट सुमारे दहा किलोमीटरचा आहे, सगळा चालायचा हट्ट नको. शेरझा बुरुजावर चढलात की तटाचा अंदाज येतो. तिथंच मलिक-ए-मैदान, १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची तोफ. तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती दिसतो, तो बघा. जवळच्या उपली बुरुजाचा जिना बाहेरून वळत जातो, पोरांचा हात सोडू नका.

जामा मशीद शुक्रवारी दुपारी टाळा, मोजे तिथंही. गगन महाल, बारा कमान, ताज बावडी जमेल तसं. जेवायला कडक भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी. परतीची शेवटची बस कधी, ते स्टँडवर सकाळीच विचारून ठेवा.