टायरचा साइज बदलल्यावर ट्रकचा स्पीडोमीटर कसा जुळवावा

ट्रकला स्वतःचा वेग थेट कळत नाही, त्याला फक्त फेऱ्या मोजता येतात. कधी गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या, कधी चाकांच्या. एका फेरीत गाडी किती पुढे सरकते हा आकडा कारखान्यात ठरलेला असतो. टायर मोठा बसवला की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, मीटर मात्र जुन्याच हिशेबाने चालतो. म्हणून मोठ्या टायरवर काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवतो आणि लहान टायरवर जास्त. एकूण अंतर मोजणाऱ्या ओडोमीटरचेही तसेच होते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करा: काटा जीपीएसशी जुळवायचा नाही, टायरचे गुणोत्तर जुळवायचे आहे. मूळ टायरवरसुद्धा काटा थोडा जास्तच दाखवतो आणि ते मुद्दाम केलेले असते. ईसीई आर३९ या आंतरराष्ट्रीय नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचेच नाही. जास्त दाखवायला मात्र दहा टक्के आणि वर काही किलोमीटर इतकी सूट आहे. ओडोमीटरला असा फुगवटा दिलेला नसतो, तो बराच अचूक मोजतो. दोघांचा सिग्नल सहसा एकच असल्याने जीपीएसशी काटा तंतोतंत जुळवला, की ओडोमीटर तितकाच मागे पडतो. म्हणून टायर काढण्यापूर्वीच जुन्या टायरवर ५०, ८० आणि शक्य असल्यास १०० च्या वेगाला जीपीएस काय दाखवतो ते लिहून ठेवा. काम झाल्यावर हाच फरक परत मिळायला हवा.

गुणोत्तर काढणे

टायरवरच्या आकड्यांवरून व्यास निघतो. २६५/७० आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के म्हणजे १८५.५ मिमी, आणि रिम १७ इंच म्हणजे ४३१.८ मिमी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरायची: ४३१.८ + ३७१ = ८०२.८ मिमी. त्याच्या जागी २८५/७० आर १७ बसवला तर व्यास ८३०.८ मिमी. ८३०.८ ला ८०२.८ ने भागले की १.०३५. म्हणजे मीटर जवळपास साडेतीन टक्के कमी मोजतो: पूर्वी काटा ८० वर असताना जो खरा वेग असायचा, त्याच्या १.०३५ पट वेग आता असतो.

हा हिशेब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात एकाच साइजचे दोन कंपन्यांचे टायर काही मिलिमीटरने वेगळे निघतात, आणि ३५ इंची म्हणून विकलेला टायर बऱ्याचदा पुरा ३५ भरत नाही. त्यामुळे घेर मोजूनच घ्यावा. हवा ठरलेल्या दाबाची भरा, गाडीत नेहमीचा भार ठेवा आणि सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करा. टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने एकाच रेषेत खूण करा. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी हळू पुढे न्या. टायरवरची खूण पाचव्यांदा खाली आली की जमिनीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजून पाचाने भागा. अंतर १२.६६ मीटर आले तर घेर २.५३२ मीटर, म्हणजे किलोमीटरला ३९५ फेऱ्या किंवा मैलाला ६३६. पाच फेऱ्या अशासाठी, की टेप वाचताना सेंटिमीटरची चूक झाली तरी ती एका फेरीमागे दोनच मिलिमीटर उरते. जुने टायर अजून हाताशी असतील तर त्यांचाही घेर असाच मोजून घ्या. गुणोत्तर त्यावरून काढलेले सर्वात भरवशाचे.

हबच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची मोजून त्यावरून घेर काढायचा मोह टाळा. भाराने टायर खाली दबतो, पण आतला पोलादी पट्टा फारसा आखडत नाही. अशा मापाने घेर खऱ्यापेक्षा कमी येतो.

सिग्नल कुठून येतो ते शोधा

यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्स्फर केसच्या (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) शेपटाकडून एक फिरणारी केबल थेट डॅशबोर्डपर्यंत जाते. त्यानंतरच्या गाड्यांत त्याच जागी विजेचा सेन्सर असतो. नव्या गाड्यांत बहुधा चाकांवरचे एबीएसचे (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर वेग पुरवतात.

टायरसोबत क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधली गिअरची जोडी, बदलली असेल तर हा फरक फारच महत्त्वाचा ठरतो. ३.७३ च्या जागी ४.५६ चे गुणोत्तर टाकले आणि वर ८८९ मिमी व्यासाचे टायर चढवले, असे धरा. गिअरबॉक्सवरून मोजणारा मीटर आता १.२२३ (४.५६ भागिले ३.७३) भागिले १.१०७ (८८९ भागिले ८०२.८), म्हणजे सुमारे साडेदहा टक्के जास्त दाखवेल, कारण त्याच वेगाला शाफ्ट जास्त फिरतो. चाकावरून मोजणाऱ्या मीटरला क्राउन-पिनियनचे काहीच देणेघेणे नाही. तो टायरमुळे कमीच दाखवेल. हे न पाहता आकडे भरले की चूक उलट्या बाजूला जाते.

केबलवाला मीटर: गरारी बदलणे

केबलच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला प्लॅस्टिकची छोटी गरारी असते. बदलायची ती हीच. आतल्या शाफ्टवरच्या गरारीला शक्यतो हात लावू नये, कारण त्यासाठी शेपटाचे घर उघडावे लागते. नियम सोपा आहे: जुने दाते गुणिले जुना व्यास, भागिले नवा व्यास. मोठ्या टायरला कमी दाते लागतात. ३२ दात्यांची गरारी असेल तर २६५ वरून २८५ च्या टायरच्या उदाहरणात ३०.९ येतात, म्हणजे ३१ दात्यांची घ्यायची. चूक पाव टक्क्यावर येते. उत्तर बरोबर दोन आकड्यांच्या मधोमध आले तर कमी दाते निवडा. काटा किंचित जास्त दाखवेल, ते चालते.

गाडी सपाटीवर उभी करून चाकांना अडण लावा, केबलला धरणारा नट सोडा, गरारीच्या घराला धरणारा क्लॅम्प आणि बोल्ट काढा. घर बाहेर ओढताना थोडे तेल सांडते, खाली भांडे ठेवा. ओ-रिंग नवीनच टाका. पन्नाशीला टेकलेली रबरी रिंग परत बसवून नंतर गळती शोधत बसण्यात अर्थ नाही.

इथे एक खोच आहे. अनेक गाड्यांत गरारीचे घर मध्यापासून सरकलेले असते, आणि दात्यांच्या संख्येनुसार ते फिरवून बसवावे लागते. जीपच्या एनपी २३१ ट्रान्स्फर केसवरच्या घरावर २६–३१, ३२–३८, ३९–४५ असे दात्यांच्या संख्येचे पट्टे लिहिलेले असतात. आपल्या गरारीचा पट्टा तळाशी यावा लागतो. आपल्या उदाहरणात दाता एकच कमी झाला, पण ३२ वरून ३१ वर आल्याने पट्टा बदलला, त्यामुळे घर फिरवावेच लागणार. तसे न केल्यास दाते एकमेकांत नीट बसत नाहीत आणि थोड्याच दिवसांत प्लॅस्टिक खरवडले जाऊन काटा शून्यावर पडतो. हव्या तेवढ्या दात्यांची गरारी मिळतच नसेल तर केबलच्या मध्ये बसणारी गुणोत्तराची छोटी पेटी वापरतात.

संगणकावरच्या गाड्या

इथे पाना लागत नाही, पण काळजी जास्त लागते. डायग्नोस्टिक सॉकेटला हातातला प्रोग्रॅमर किंवा लॅपटॉप जोडून नवा आकडा भरायचा असतो. फोर्डच्या अनेक पिकअपसाठी फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर चालते आणि त्यात घेर मिलिमीटरमध्ये देता येतो. मोठ्या ट्रकच्या इंजिन कंट्रोलरमध्ये बहुधा मैलाला किंवा किलोमीटरला किती फेऱ्या हा आकडा मागतात, शिवाय मागच्या एक्सलचे गुणोत्तर. कोणते एकक मागितले आहे ते दोनदा वाचा.

आधी मूळ नोंदी वाचून फाइल जपून ठेवा. बॅटरीला चार्जर लावा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, दिवे आणि पंखा बंद ठेवा. लिहिणे चालू असताना व्होल्टेज पडले तर मॉड्यूल (गाडीतला छोटा संगणक) अर्धवट अवस्थेत अडकू शकतो. हाच आकडा काही गाड्यांत एबीएससह दोन-तीन मॉड्यूलमध्ये स्वतंत्र ठेवलेला असतो. एकात बदलून दुसऱ्यात राहिला की एबीएसचा किंवा ट्रॅक्शनचा दिवा लागतो. यादीतून ‘३३ इंच’, ‘३५ इंच’ एवढेच निवडता येणारे प्रोग्रॅमर असतात. त्यापेक्षा मोजलेला घेर घेणारे साधन घ्या, नाहीतर मोजण्याची सगळी मेहनत वाया.

आणखी फायदा म्हणजे ऑटोमॅटिक गिअर कधी बदलायचे आणि क्रूझ कंट्रोलने किती वेग धरायचा, हेही याच आकड्यावर ठरते. तेही ताळ्यावर येते.

सिग्नल बदलणारा डबा

गाडीचा संगणक नवा आकडा स्वीकारत नसेल तर सेन्सर आणि मीटर यांच्या मध्ये एक छोटे मॉड्यूल घालतात. ते येणारे ठोके ठरलेल्या गुणोत्तराने वाढवून किंवा कमी करून पुढे पाठवते. वायरिंगच्या नकाशावरून सिग्नलची तार ओळखा. ती कापून एक टोक मॉड्यूलच्या इनपुटला, दुसरे आउटपुटला जोडा. जोड सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवा. चिमटीने दाबून बसणारे जोड थरथरीने ढिले पडतात. ग्राउंड चांगल्या धातूवर, रंग खरवडून घ्या. काटा शून्यावरच राहिला तर बहुधा इनपुटचा प्रकार चुकला आहे: दोन तारांचा चुंबकीय सेन्सर लहरी देतो, तीन तारांचा हॉल सेन्सर चौकोनी ठोके. डबा फक्त डॅशबोर्डच्या तारेत घातला तर काटा सुधारतो, इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा संगणक जुन्याच हिशेबात राहतो. त्यामुळे तार कुठे कापायची ते आधी ठरवा.

तपासणी

सपाट सरळ रस्त्यावर क्रूझ लावून प्रत्येक वेगाला निदान अर्धा मिनिट थांबा, कारण फोनचा जीपीएस दोन-तीन सेकंद मागे असतो. आकडे शेजारी बसलेल्याने वाचावेत, चालवणाऱ्याने नव्हे. आधी लिहून ठेवलेला फरक परत आला की झाले. ओडोमीटरसाठी किलोमीटरच्या दगडांमधले १० किमी अंतर मोजा. साडेतीन टक्के मोठ्या टायरवर दुरुस्ती न करता तो जवळपास ९.६६ दाखवेल, दुरुस्तीनंतर १० च्या आसपास.

काटा थरथरत असेल तर दोष बहुधा केबलचा: कोरडी पडलेली किंवा कुठेतरी वाकडी घेतलेली. ग्रॅफाइटचे वंगण लावा, पण वरचा वीतभर भाग सोडून, नाहीतर ते मीटरमध्ये चढते. विजेच्या मीटरचा काटा अधूनमधून शून्यावर आपटत असेल तर सेन्सर काढून त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा आणि प्लग बघा. संगणकात पी०५०० हा कोड आला असेल तर वेगाच्या सिग्नलच्या वाटेतच काहीतरी तुटले आहे, टायरचा आकडा परत परत भरून उपयोग नाही.

मालवाहतुकीच्या ज्या गाड्यांना टॅकोग्राफ (वेग आणि चालवण्याचे तास नोंदवणारे यंत्र) किंवा सीलबंद स्पीड लिमिटर आहे, त्यांना वरचे काही लागू नाही. युरोपीय संघात टायरचा परिणामी घेर बदलला की मान्यताप्राप्त कार्यशाळेकडूनच टॅकोग्राफ तपासून घ्यावा लागतो. सील स्वतः तोडू नका. तोवर लिमिटर मोठ्या टायरवर ठरलेल्यापेक्षा जास्त खरा वेग जाऊ देतो, हे चालकाला सांगून ठेवा.

चुकीच्या मीटरवर झालेले किलोमीटर मागे जाऊन बदलायचे नसतात, ओडोमीटरच्या आकड्याला हात लावणे बऱ्याच देशांत गुन्हा आहे. दुरुस्तीची तारीख आणि त्या वेळचा आकडा सर्व्हिसच्या वहीत लिहा. मधल्या काळातल्या अंतराला १.०३५ ने गुणून तेल बदलण्याचा हिशेब धरा. पुढे टायर झिजत गेले, नक्षीची खोली ८ मिमीवरून १.६ वर आली, की व्यास जवळपास १३ मिमीने घटतो आणि काटा दीड टक्क्याने जास्त दाखवू लागतो. तेवढ्यासाठी पुन्हा जुळवायची गरज नाही.