तांबेऱ्यानं गहू किती खाल्ला, ते आपल्याच रानात मोजा

गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘तांबेरा प्रतिकारक’ छापलेलं असतं; तांबेरा म्हणजे पान-खोडावर येणारा बुरशीचा रोग. आपल्या रानात ते कितपत खरं, हे मोजूनच कळतं. आमच्या निफाड भागात मी त्यासाठी बांधालगतचा लहान तुकडा राखतो. त्यात गव्हाचे दोन वाण, लोकवन आणि फुले समाधान, शेजारी-शेजारी. लोकवन तांबेऱ्याला लवकर बळी पडतो, म्हणूनच तो लावायचा. ज्या साली तोही स्वच्छ राहतो, त्या साली रोगच आलेला नसतो आणि समाधानचं कौतुक करण्यात अर्थ नसतो.

दोन्हींचा पेरा एकाच दिवशी, १५ नोव्हेंबरच्या आत करा. त्यापुढं दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल तसंही घटतं आणि ती घट उगाच रोगाच्या नावावर चढते. खत-पाणी सारखंच द्या. प्रत्येक वाणाचा अर्धा वाफा फवारायचा, अर्धा तसाच ठेवायचा. पहिले ठिपके दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला १ मिली. वारा पडल्यावर फवारा, नाहीतर तुषार पलीकडं जाऊन सगळा खेळ बिघडतो.

पोटरीनंतर, म्हणजे ओंबी पानाच्या देठात फुगल्यावर, शेंड्याचं पान बघत राहा. पानावर नारिंगी गोल ठिपके असतात. खोडावर लांबट, विटकरी, साल फाडून वर आलेले चट्टे दिसले तर जास्त धास्ती. ते पुढं काळे पडतात. बोट फिरवा. पूड लागली तर तांबेराच. किती टक्के पान व्यापलंय ते लिहा आणि ठिपका कसा आहे तेही. मोठा, मोकळा ठिपका म्हणजे वाण बळी पडतोय. बारीक ठिपक्याभोवती पिवळी किंवा वाळकी कड असेल, तर वाण झुंजतोय. संशोधक पहिल्याला पूर्ण गुण धरतात, दुसऱ्याला ०.४. म्हणजे ४० टक्के पान व्यापलं तरी हिशेबात एकाचे ४०, दुसऱ्याचे १६.

काढणीला कडेच्या ओळी सोडून, चौरस मीटरची चौकट प्रत्येक भागात तीन-चार ठिकाणी टाका. तेवढंच कापून, मळून, वाळवून तोला. सरासरी ग्रॅमला २५ नं भागलं की एकरी क्विंटल: ४०० ग्रॅम म्हणजे १६.

मग हजार दाणे मोजून त्यांचं वजन करा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. रोग उशिरा आला तर ओंब्या तेवढ्याच राहतात, दाणा मात्र सुरकुततो. बांधावरून ते दिसत नाही.

फवारलेल्या आणि न फवारलेल्या भागातला फरक बाजारभावानं गुणा, त्यातून औषध-मजुरी वजा करा. समाधानमध्ये काहीच उरत नसेल, तर पुढच्या साली त्याच्यावरची फवारणी रोग बघूनच ठरवा.