गणपतीला गावी निघण्याआधी: बाबांच्या लिनक्सची पट्टी मोठी करायची आहे

गावी पोचून पाट-पाणी होतं न होतं तोच बाबा लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवतील, कारण पट्टीवरचं, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या घड्याळ-बॅटरीच्या रांगेतलं, बॅटरीचं चिन्ह इतकं बारीक आहे की त्यांना दिसत नाही. कोकणात पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तक्रार रास्तच आहे. तयारी मात्र मुंबईतूनच करा.

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणकप्रणाली, पण तिचा डेस्कटॉप, म्हणजे पट्टी, मेनू, खिडक्या दाखवणारा भाग, एकच नसतो. म्हणून आधी डेस्कटॉप कुठला ते काढा. ‘लिनक्स मिंट आहे’ एवढ्याने भागत नाही, कारण मिंट या लिनक्समध्येही सिनॅमन, माते, एक्सएफसीई असे प्रकार आहेत. बाबांना पट्टीच्या मोकळ्या जागेवर राइट-क्लिक करायला सांगा आणि जे उघडेल त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. वरच्या पट्टीवर काहीच उघडलं नाही तर बहुधा नोम नावाचा डेस्कटॉप आहे, आणि तिथेच खरी मेहनत आहे. नोमच्या सेटिंगमध्ये पट्टीची उंची बदलायची सोयच नाही. ‘जस्ट परफेक्शन’सारखं एक्स्टेन्शन, म्हणजे वरून बसवायची जोड, लागतं, ते नोमच्या आवृत्तीशी जुळावं लागतं आणि घ्यायला नेट लागतं. घाटाखाली रेंजच्या भरवशावर राहू नका. आवृत्ती विचारून ते पेन ड्राइव्हवर घ्या. नाहीतर अ‍ॅक्सेसिबिलिटीतलं ‘मोठी अक्षरं’ चालू करा, त्याने पट्टीही थोडी वाढते. माझ्या मते पुष्कळांना तेवढं पुरतं.

बाकी डेस्कटॉपवर काम सोपं, पण उंची आणि चिन्हांचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात ठेवा. एक्सएफसीईत पट्टीच्या पसंतींमध्ये ओळीचा आकार पिक्सेलमध्ये मिळतो, चिन्हांचा आकार शेजारच्या टॅबमध्ये. केडीईत सिस्टीम ट्रेच्या, म्हणजे बॅटरी-वायफायची चिन्हं असतात त्या भागाच्या, सेटिंगमध्ये चिन्हं पट्टीच्या उंचीनुसार वाढतील असा पर्याय निवडावा लागतो. तो राहिला तर पट्टी जाड आणि चिन्हं तेवढीच बारीक. सिनॅमनमध्ये पट्टीचे डावा, मधला, उजवा असे भाग असतात; बॅटरी बहुतेक उजवीकडे, तेव्हा चिन्हांचा आकार त्या भागाचा वाढवा.

स्क्रीनचं रिझोल्यूशनही विचारून ठेवा. जुन्या १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर ४८ पिक्सेलची पट्टी उंचीचा सोळावा हिस्सा खाते. फार बारीकही नको. घड्याळ मराठीत असेल तर वेलांट्या आणि उकार कापले जातात.

हात लावण्याआधी जुन्या पट्टीचा फोटो काढा, होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’ची प्रत घ्या. आणि सगळ्यात आधी बॅटरीची टक्केवारी दाखवायचा पर्याय चालू करून बघा. आकडा दिसला की बाबा चिन्हाचं नावही काढणार नाहीत, असं पुष्कळदा होतं.