जुन्या टीव्हीचं आर्केड मशीन करताय? या चुका टाळा

मागचं झाकण उघडण्यापासून सुरू करतो, कारण पोट्टे तिथूनच सुरू करतात. भंगारातून 21 इंची ट्यूबवाला टीव्ही आणला की संध्याकाळपर्यंत त्याचा सांगाडा बाहेर! म्हणे डबा काढला की कॅबिनेट, म्हणजे मशीनचं लाकडी कपाट, आटोपशीर होतं. अरे बाप्पा, ट्यूबच एवढी खोल आहे, डबा काढून वाचणार चार बोटं.

रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (रबरी टोपीखालच्या टोकावर) 20 ते 25 हजार व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून बसते. नागपूरच्या मानेवाड्यातल्या माझ्या एका मित्राने टीव्ही बंद केला आणि लगेच ट्यूबवरची रबरी टोपी उचकटायला घेतली. मी ‘थांब’ म्हणेस्तोवर चट्ट आवाज आला. शॉकमधून गडी वाचला, पण हात असा झटक्यात मागे आला की कोपर ट्यूबच्या मानेवर आदळलं. अंगठ्यापेक्षा थोडी जाड काचेची नळी ती. टिचली, फुस्स करून हवा आत शिरली, टीव्ही गेला. वर दिवसभर त्याचं एकच, ‘पण प्लग तर काढला होता!’

मी टीव्ही डब्यासकटच आत बसवतो. पुढून काळ्या कार्डशीटची चौकट लावली की डबा कोणाला दिसत नाही. उघडायचाच असेल तर एखाद्या जुन्या टीव्ही मेकॅनिककडून ट्यूब डिस्चार्ज करून घ्या. दोन पैसे वाचवायला व्हिडिओ बघून हात घालू नका. आणि वजन सगळं पुढच्या काचेत असतं, तेव्हा फळीच्या पुढच्या कडेला पट्टी मारा, नाहीतर टीव्ही कंट्रोल पॅनलवर (बटणं-जॉयस्टिकच्या फळीवर) येईल.

चित्र नाही, नुसती गुरगुर? गेम चालवणारा छोटा कॉम्प्युटर म्हणजे रास्पबेरी पाय. त्याच्या 3.5 मिमी जॅकला कुठलीही एव्ही केबल चालत नाही, आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो. पिवळ्याच्या जागी लाल पिन लावून बघा, बरेचदा चित्र तिथे सापडतं. पाय 4 वर कॉम्पोझिट (पिवळ्या पिनचा व्हिडिओ) आधी सेटिंगमध्ये चालू करावं लागतं. काळंपांढरं दिसलं तर सिग्नल एनटीएससीवर (अमेरिकी पद्धतीवर) असेल, पाल (आपल्याकडची पद्धत) करा. टीव्हीला शिव्या नंतर द्या.

एलसीडी टीव्ही वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधला गेम मोड लावा, नाहीतर बटण दाबल्यावर गेममधला माणूस उशिरा उडी मारतो. 1980 च्या पॅकमॅनचा पडदा मुळात उभा. तो 16:9 च्या आडव्या पडद्यावर ताणून फुगवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. बंदुकीचे जुने खेळ हवे असतील तर ट्यूबच घ्या. त्या बंदुका ट्यूबवर फिरणारा किरण बघून नेम ओळखतात, एलसीडीवर आंधळ्या होतात.

आता नागपूरचं खास दुखणं. पुण्या-मुंबईचे आराखडे बघून लोक मागची बाजू एमडीएफने (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीने) गच्च बंद करतात. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. खोलीच तापलेली, त्यात ट्यूबची उष्णता, आणि पाय 80 अंशांना स्वतःच वेग कमी करायला लागतो. मग फोन येतो, ‘दादा, गेम अटकते.’ वर हुशारी अशी की मशीन कुलरच्या झोतात ठेवायचं! ती ओली हवा एमडीएफ पिऊन टाकतो. महिन्याभरात तळाची कड पोह्यासारखी फुगते आणि स्क्रू सैल होतात. मी मागे जाळी मारतो, खाली हवा आत घ्यायला फट, वर हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि तळाला एमडीएफऐवजी वॉटरप्रूफ प्लाय. कुलर समोरच्या भिंतीला.

प्लाय शेवटी कापा. आधी टीव्ही, पाय, जॉयस्टिक टेबलावर उघडी मांडून आठवडाभर खेळा. मेन स्विच दिल्यावर टीव्ही आपोआप चालू होतो की स्टँडबायवरच बसतो, तेही तेव्हाच बघा. नाहीतर लाईट गेली-आली की रिमोट शोधत बसाल.

बटणांची भोकं पाडण्याआधी बटण हातात घेऊन मोजा. 30 मिमीची असतात, 28 चीही असतात. दुकानदार दोन्हीला ‘स्टँडर्ड’च म्हणतो.