शिडाच्या बोटीच्या ट्रेलरसाठी अ‍ॅक्सल आणि ब्रेक कसे निवडावेत

शिडाच्या बोटीचा ट्रेलर दोन बाबतींत मालाच्या ट्रेलरहून वेगळा असतो. तळाच्या कीलमुळे, म्हणजे बोटीखालच्या उभ्या पात्यामुळे, बोट ट्रेलरवर उंच बसते, आणि बोट उतरवताना चाकं, हब, ब्रेक सगळंच पाण्याखाली जातं. अ‍ॅक्सल निवडताना पहिली गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा, ब्रेक निवडताना दुसरी.

१. खरं वजन काढा

माहितीपत्रकातलं वजन बहुतेक वेळा रिकाम्या बोटीचं असतं. त्यात इंजिन, बॅटरी, इंधन, नांगर, साखळी, शिडं आणि सामान मिळवा. पाण्याच्या टाकीचा लिटरला एक किलो धरा. समजा बोट १,२०० किलो, वरचं सगळं २५० आणि ट्रेलर स्वतः ४०० किलो, तर बेरीज झाली १,८५०. त्यावर १५ टक्के राखीव धरले की आकडा २,१३०च्या घरात जातो. अ‍ॅक्सल या आकड्यासाठी घ्यायचा. टायर, हब आणि कपलरही (ट्रेलर गाडीला जोडणारा पुढचा भाग) तेवढ्या क्षमतेचे हवेत, कारण यांतला सर्वांत कमजोर भाग ट्रेलरची खरी क्षमता ठरवतो. बोट हाताशी असेल तर अंदाजावर राहू नका, सरळ भुईकाट्यावर न्या.

२. एक अ‍ॅक्सल की दोन

साधारण १,६०० किलोपर्यंत एक अ‍ॅक्सल पुरतो. तो हलका असतो, हाताने वळवता येतो आणि देखभालही निम्मी. दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर रस्त्यावर स्थिर चालतो आणि एखादा टायर फुटला तरी सावरतो. मात्र जागच्या जागी वळवताना टायर घासतात. बोट न उचलता येणाऱ्या कीलची असेल तर वजन एका अ‍ॅक्सलला पेलणारं असलं तरी माझं मत दोनच्या बाजूने आहे. उंच बोट वळणावर कलते, तेव्हा तो आधार लागतो. मधोमध खाली वाकवलेला ड्रॉप अ‍ॅक्सल मिळाला तर बोट आणखी खाली बसते, पण रस्त्यापासून किती अंतर उरतं ते मोजून पाहा.

३. कमानपाटे की टॉर्शन

कमानपाट्यांच्या फटींत खारं पाणी साचतं आणि ते गंजतात. पण गंज डोळ्यांना दिसतो आणि तेवढा पाटा बदलता येतो. टॉर्शन अ‍ॅक्सलमध्ये लोखंडी नळीच्या आत रबर असतं. चाल मऊ, हलते भाग कमी. नळी आतून गंजली तर मात्र बाहेरून कळत नाही आणि अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो. शिवाय टॉर्शनची जोडी भार आपसांत वाटून घेत नाही, म्हणून ट्रेलर गाडीमागे अगदी समपातळीत उभा राहायला हवा. काहीही घ्या, गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइझ केलेलंच घ्या.

४. अ‍ॅक्सलची जागा

ट्रेलर किंचित धुरजड, म्हणजे पुढे जड असावा, उलाळ कधीच नको. मागे जड झालेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा झुलू लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीवर यावा, पण गाडीच्या हिचची मर्यादा आधी वाचा. भार कमी पडला तर अ‍ॅक्सल मागे सरकवा, जास्त झाला तर पुढे. आडवी ठेवलेली डोलकाठी आणि मागे टांगलेलं इंजिन हे गणित बदलतात, म्हणून मोजमाप सगळं लादल्यावरच करा.

५. ब्रेक

आधी कायदा. युरोपीय संघात ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर ब्रेकविना चालतो आणि ओव्हररन ब्रेक (ट्रेलरच्या रेट्याने लागणारे) ३,५०० किलोपर्यंतच. अमेरिकेत राज्यागणिक आकडा वेगळा, अनेक ठिकाणी ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो. तरीही सूट आहे म्हणून ब्रेक टाळू नका.

ओव्हररन किंवा सर्ज ब्रेकमध्ये गाडी थांबू लागली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच दाबाने त्याचे ब्रेक लागतात. गाडीत वेगळं काही बसवावं लागत नाही. अडचण रिव्हर्सला येते: चढावर मागे ढकलताना हेच ब्रेक पकडतात. त्यासाठी ड्रम असतील तर आपोआप सुटणारे घ्या. डिस्क असतील तर रिव्हर्स दिव्याच्या वायरवर चालणारा व्हॉल्व्ह लागतो.

विजेचे ड्रम ब्रेक रस्त्यावर उत्तम, पण वारंवार पाण्यात गेल्यावर मॅग्नेट आणि वायरिंग खराब होतात. खाऱ्या पाण्यासाठी माझी पसंती हायड्रॉलिक डिस्कना. त्या उघड्या असतात, गोड्या पाण्याने चटकन धुता येतात. ड्रममध्ये पाणी आणि वाळू अडकून राहते. डिस्क आणि कॅलिपर स्टेनलेस किंवा गंजरोधक लेपाचे पाहा. ट्रेलर जड असेल तर इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक बघा: दाब देणारा पंप पाण्याच्या वर बसवता येतो आणि ब्रेकचा ताबा चालकाकडे राहतो. ट्रेलर गाडीपासून सुटलाच, तर ब्रेक लावणारी ब्रेकअवे तार प्रत्येक वेळी गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा.

६. हब आणि बेअरिंग

प्रवासाने तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून बोट पाण्यात सोडायच्या उतारावर जाण्याआधी थांबा; डोलकाठी उभी करायला लागतो तेवढा वेळ हब निवायला सहसा पुरतो. ग्रीस मरीनच वापरा. नव्या ट्रेलरच्या पहिल्या फेरीत थोडं अंतर गेल्यावर उतरून प्रत्येक हबजवळ हात न्या, गरम असेल म्हणून जपून. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथला ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.