नवीन ऑर्किड सापडलंय असं वाटतंय? मग ते नवीन ठरवायचं कसं ते वाचा

जंगलात कधी न बघितलेलं ऑर्किड दिसलं की डोक्यात पहिला विचार येतो, हे नवीन असणार. बहुतेक वेळा नसतं. ऑर्किडच्या कुळात आज साधारण २८,००० प्रजाती नोंदलेल्या आहेत, त्यातल्या बहुतांश उष्ण प्रदेशातल्या, आणि त्या सगळ्या एका माणसाला माहीत असणं शक्यच नाही, त्यामुळे तुम्ही पहिल्यांदा बघितलं म्हणजे कुणीच बघितलं नाही असं होत नाही. तरी दरवर्षी शेकडो नवीन ऑर्किड जाहीर होतात हेही खरं. सापडणं हा त्यातला छोटा भाग, खरी मेहनत आहे ती हे आधी कुणीही नोंदवलेलं नाही हे सिद्ध करण्यात.

आधी एक गट पकडा

सगळी ऑर्किड शिकायला जाऊ नका, वेडे व्हाल. एक जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) किंवा त्यातला एक उपगट घ्या आणि त्यातच मुरा. नवीन काही मिळायची शक्यता बारक्या फुलांच्या गटात जास्त, कारण मोठी, देखणी फुलं एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी संग्राहकांनीच जंगलं पालथी घालून शोधली होती. इक्वेडोर-कोलंबियाच्या ढगाळ डोंगरी जंगलांतलं लेपँथिस घ्या, हजारावर प्रजाती आणि फूल काही मिलिमीटरचं. नाहीतर बल्बोफायलम, त्यात २,००० च्या वर प्रजाती आणि न्यू गिनीसारख्या बेटावर अजून किती पडून असतील कोण जाणे.

अपवाद असतात म्हणा. पेरूमधलं फ्रॅग्मिपीडियम कोवाची २००२ मधे जाहीर झालं, हाताच्या पंजाएवढं गुलाबी-जांभळं फूल, आणि तोपर्यंत विज्ञानाला पत्ताच नव्हता.

परवानग्या जंगलात जायच्या आधी, नंतर नाही

याच फुलाची गोष्ट इथे सांगायलाच पाहिजे. ते रोप पेरूमधे रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून घेतलं गेलं आणि कागदपत्रांशिवाय अमेरिकेत नेलं गेलं. तिथे घाईघाईने त्याचं वर्णन छापून आलं, मग खटले झाले, दंड झाले. तेच फूल दुसऱ्या नावाने जाहीर करायची तयारी पण चालू होती, ते नाव काही दिवसांच्या फरकाने मागे पडलं. नामकरणाच्या नियमांत आधी कायदेशीरपणे छापलेलं नाव टिकतं, आणि हा 'कायदेशीरपणे' फक्त नामकरणाच्या कायद्यापुरता असतो, रोप कसं आणलं ते तिथे कुणी विचारत नाही. म्हणून नाव टिकलं आणि बदनामी पण टिकली.

तर गोळा करायची परवानगी, नमुने देशाबाहेर न्यायचे तर निर्यात परवाना, आणि साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. सगळंच ऑर्किड कुळ साइट्सच्या यादीत आहे, बहुतेक सगळी परिशिष्ट २ मधे आणि पॅफिओपेडिलम, फ्रॅग्मिपीडियमसारखी जास्त कडक परिशिष्ट १ मधे. शिवाय २०१४ पासून नागोया प्रोटोकॉल लागू आहे, म्हणजे ज्या देशाची वनस्पती त्या देशाची संमती लागते. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्या देशातल्या संशोधकाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, आणि सोबत म्हणजे लेखात नाव घालून, नुसता वाटाड्या म्हणून नाही.

जंगलात: वाळल्यावर जे जाणार ते आधी टिपा

वाळलेल्या नमुन्यात रंग राहत नाही, वास राहत नाही, फूल कसं झुकलं होतं तेही कळत नाही. म्हणून हात लावायच्या आधी फोटो: समोरून, बाजूने, ओठ वरून, फुलाचा मागचा भाग, पूर्ण रोप, आणि प्रत्येक वेळी शेजारी मोजपट्टी. ओठ म्हणजे ती वेगळी दिसणारी तिसरी पाकळी, लेबेलम म्हणतात ती, ऑर्किडची अर्धी ओळख तिथेच असते.

मग वही. तारीख, जीपीएस, समुद्रसपाटीपासून उंची, कुठल्या झाडावर, जमिनीपासून किती वर, सावलीत का उन्हात, वास कसा, कुठला कीटक आला, आणि तुमचा स्वतःचा कलेक्शन नंबर जो आयुष्यभर एकाच मालिकेत चालतो. फूल कधी उमलतं तेही लिहा, हे लोक हमखास सोडतात. न्यू ब्रिटन बेटावरून आणलेलं एक बल्बोफायलम नेदरलँड्समधल्या लायडनच्या ग्रीनहाउसमधे होतं, कळ्या यायच्या आणि उघडायच्या आधीच वाळल्यासारख्या दिसायच्या, शेवटी संशोधक ते घरी घेऊन गेला तर रात्री दहाच्या सुमाराला फूल उघडलं आणि सकाळी मिटलं. रात्री उमलून सकाळी मिटणारं ते पहिलंच ज्ञात ऑर्किड, २०११ मधे बल्बोफायलम नॉक्टर्नम म्हणून जाहीर झालं. ऑफिसच्या वेळेत बघणाऱ्याला ते कधीच दिसलं नसतं.

किती घ्यायचं? आजूबाजूला एकच रोप असेल तर उपटू नका. एक फूल, एक पान, भरपूर फोटो, आणि पुन्हा शोध. बरीच असतील तर एक पूर्ण रोप प्रेससाठी, म्हणजे कागदात दाबून वाळवायला, पण त्याचा फुगीर कंद उभा चिरून घ्या नाहीतर प्रेसमधे पण आठवडे जिवंत राहतं आणि मग बुरशी. दोन-चार फुलं ७० टक्के अल्कोहोलमधे थोडं ग्लिसरीन घालून ठेवा, ग्लिसरीनमुळे ती कडक होऊन तुटत नाहीत. पानाचा तुकडा सिलिका जेलमधे वेगळा, तो डीएनएसाठी. सगळ्यांवर तोच नंबर, पेन्सिलने लिहिलेला, कारण पेनची शाई अल्कोहोलमधे पसरते.

फूल उघडून मोजा

१० पट भिंग चालतं पण खरं तर स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतोच. तीन बाह्यदलं, दोन पाकळ्या, ओठ, मधला कॉलम, सगळं सुटं करून काळ्या पार्श्वभूमीवर मांडून फोटो घ्या आणि प्रत्येक भागाची लांबी-रुंदी लिहा. कॉलम म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेला खांब, त्याच्या टोकाशी टोपीखाली पोलिनिया म्हणजे परागांचे गोळे असतात. ते किती आहेत, दोन, चार का आठ, आणि कशाला चिकटलेत हे जीनस ठरवायला फार कामाला येतं. फक्त वाळलेलं फूल असेल तर उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाका, बऱ्यापैकी पूर्ववत होतं.

एकाच फुलावर विश्वास ठेवू नका. जमतील तितकी रोपं मोजा, कारण एकाच प्रजातीत रंग, आकार बराच बदलतो. याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे कॅटासेटम. त्याची नर आणि मादी फुलं इतकी वेगळी दिसतात की एकाच वनस्पतीच्या फुलांना वेगवेगळ्या जीनसची नावं दिली गेली होती, मोनॅकँथस, मायँथस वगैरे, आणि मग ही सगळी एकाच रोपावर आलेली दिसल्यावर गोंधळच गोंधळ. डार्विनने १८६२ मधे तो सोडवला.

आता खरं काम: याला आधीच नाव आहे का?

इथे महिने जातात, कधी वर्षं. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवरून तुमच्या जीनसमधल्या मान्य प्रजातींची यादी काढा, आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या ऑनलाइन सूचीवर प्रत्येक नाव पहिल्यांदा कुठे छापलं ते मिळतं, आणि जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. मूळ वर्णनच वाचा, कुणी केलेला सारांश नको. शेजारच्या देशांतली नावं पण बघा, एका देशाची यादी घेऊन बसणारे इथेच फसतात.

नुसतं वर्णन वाचून भागत नाही, टाइप स्पेसिमेन बघावा लागतो, म्हणजे तो एक नमुना ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं. आता बऱ्याच टाइपांचे स्कॅन ऑनलाइन आहेत. पण ऑर्किडचा इतिहास या बाबतीत विचित्र आहे. एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात मोठा ऑर्किडतज्ज्ञ रायशनबाख १८८९ मधे वारला आणि त्याने आपलं हर्बेरियम, म्हणजे वाळलेल्या नमुन्यांचा संग्रह, व्हिएन्नाला दिलं, अट अशी की २५ वर्षं उघडायचं नाही. तोवर बाकीच्यांनी त्याच वनस्पतींना पुन्हा नावं दिली, आणि ती दुहेरी नावं निस्तरायचं काम मागे राहिलं. दुसरा श्लेश्टर, त्याने न्यू गिनीच्या ऑर्किडांवर प्रचंड काम केलं, त्याचा बर्लिनमधला संग्रह १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. तुमचं फूल न्यू गिनीचं असेल तर कधीकधी त्याच्या छापलेल्या चित्रांवर आणि दुसरीकडे पाठवलेल्या डुप्लिकेटवरच तुलना करावी लागते.

हर्बेरियमच्या कपाटांत 'अनोळखी' म्हणून ठेवलेले कागद पण चाळा. २०१० च्या एका अभ्यासात असं दिसलं होतं की सपुष्प वनस्पतींच्या नव्या प्रजातींपैकी जेमतेम १६ टक्के गोळा केल्यापासून पाच वर्षांत जाहीर होतात, बाकीच्या कपाटात वाट बघत बसतात. कदाचित तुमचंच फूल तिथे कुणीतरी साठ वर्षांपूर्वी ठेवलेलं असेल, आणि मग तुम्हाला आयता दुसरा नमुना मिळाला.

कुठे बसवायचं

ऑर्किडांची पाच उपकुळं आहेत, उष्ण प्रदेशातली झाडांवर वाढणारी बहुतेक एपिडेंड्रॉइडीत येतात, सपाता ऑर्किड (पॅफिओपेडिलम, फ्रॅग्मिपीडियम वगैरे) वेगळ्या उपकुळात, व्हॅनिला वेगळ्या. जीनस ठरवायला रचना आणि डीएनए दोन्ही लागतं. साधारण आयटीएस हा केंद्रकातला भाग आणि मॅटके हा हरितलवकातला भाग वाचतात, दोन्हीचे वंशवृक्ष काढतात. दोन वंशवृक्ष जुळले तर बरं. नाही जुळले तर संकराचा संशय घ्या, कारण केंद्रकातला डीएनए दोन्ही पालकांकडून येतो आणि हरितलवकातला सहसा आईकडूनच.

डीएनएमधे थोडा फरक दिसला म्हणून लगेच प्रजाती करू नका, माझ्या मते हल्ली ही घाई फार वाढलीय. रचनेत फरक, तो अनेक रोपांत टिकून, आणि शक्य असेल तर परागीभवन किंवा अधिवास पण वेगळा, असं एकापेक्षा जास्त बाजूंनी जुळलं पाहिजे. जीनसची नावं मात्र बदलणार हे धरूनच चाला. सोफ्रोनायटिस हे जीनस अख्खं कॅटलियात गेलं तेव्हा बागवाल्यांनी केवढी कुरकुर केली होती.

नाव आणि छपाई

सोशल मीडियावर टाकलेलं नाव नाव नसतं. आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे छापील अंकात किंवा आयएसएसएन-आयएसबीएन असलेल्या ऑनलाइन पीडीएफमधे यावं लागतं, वर्णन किंवा निदान (डायग्नोसिस) लॅटिनमधे नाहीतर इंग्रजीत (२०१२ च्या आधी लॅटिनच लागायचं), आणि होलोटाइप (लेखकाने ठरवलेला मुख्य टाइप नमुना) कुठल्या हर्बेरियममधे आहे ते लिहावंच लागतं. जिवंत रोप टाइप होऊ शकत नाही. निदान म्हणजे जवळच्या प्रजातीपेक्षा हे नेमकं कशात वेगळं, दोन-तीन वाक्यांत. ते जमत नसेल तर बहुधा प्रजाती नवीन नाही.

प्रजातीच्या लॅटिन नावाचं व्याकरणातलं लिंग जीनसच्या नावाशी जुळवा, आणि स्वतःचं नाव देऊ नका, बंदी नाही पण लोक हसतात. मग फायटोटॅक्सा, फायटोकीज किंवा लँकेस्टेरियानासारख्या जर्नलला पाठवा.

शेवटचं, आणि यात ढिलाई नको: नेमकं ठिकाण छापू नका. व्हिएतनामचं पॅफिओपेडिलम कान्ही २०१० मधे जाहीर झालं आणि थोड्याच काळात संग्राहकांनी जंगलातून जवळजवळ संपवलं. लेखात जिल्हा, फार तर डोंगररांग एवढंच द्या, अचूक आकडे हर्बेरियमकडे ठेवायला सांगा, लेबलच्या स्कॅनमधे ते झाकलेत का बघा, आणि फोटो अपलोड करायच्या आधी फाइलमधला जीपीएस डेटा काढून टाका, तो बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.